पुरवठादार निवडायचा हक्क दिलात, आता तुलना करायचे साधनही द्या

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग,
मुंबई.

महोदय,

मुंबईच्या उपनगरांतल्या घरगुती ग्राहकाला एक हक्क आहे, जो पुण्यातल्या, नाशकातल्या किंवा पणजीतल्या ग्राहकाला नाही. वीज कोणाकडून घ्यायची हे तो स्वतः ठरवू शकतो. अदानी इलेक्ट्रिसिटी नको असेल तर टाटा पॉवर, टाटा नको असेल तर पुन्हा अदानी. कागदावर हा हक्क पूर्ण आहे. वापरायला गेले की तो हाती लागत नाही, कारण या दोघांपैकी आपल्या घराला कोण स्वस्त पडेल हे सांगणारे, कोणत्याही कंपनीच्या मालकीचे नसलेले ठिकाण ग्राहकाला सापडत नाही. ते ठिकाण आयोगाने स्वतः उभे करावे, यासाठी हे पत्र.

मी बोरिवलीतल्या एका गृहनिर्माण संस्थेची खजिनदार आहे. जिन्याचे दिवे, लिफ्ट आणि पाण्याचा पंप यांचे बिल माझ्या हातून भरले जाते, म्हणून शेजारीपाजारी आपापली बिलेही माझ्याकडे घेऊन येतात. प्रश्न ठरलेला असतो : "ताई, आपण कंपनी बदलून घेऊ का?" विचारणाऱ्यांत पेन्शनवर राहणारे आजोबा असतात, नुकताच एसी घेतलेले नवे जोडपे असते, घरून शिवणकाम करणाऱ्या बाई असतात. तिघांना एकच उत्तर देता येत नाही. प्रत्येकासाठी दोन्ही कंपन्यांचे दरपत्रक, आयोगाचा आदेश आणि वर्षभराची बिले समोर ठेवून आकडेमोड करावी लागते. मला ती येते. ज्यांना येत नाही त्यांनी काय करावे?

हा हक्क आम्हाला सहज मिळालेला नाही. वीज कायदा २००३ च्या कलम १४ ने एकाच क्षेत्रात एकाहून अधिक वितरण परवाने देता येतील अशी वाट मोकळी केली. मुंबईत टाटांना थेट घरोघरी वीज विकता येते की नाही, यावरचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि ८ जुलै २००८ रोजी निकाल टाटांच्या बाजूने लागला. मग १५ ऑक्टोबर २००९ च्या आपल्या आदेशाने तारा एका कंपनीच्या आणि वीज दुसऱ्या कंपनीची, अशी व्यवस्था सुरू झाली. आम्ही तिला चेंजओव्हर म्हणतो. त्या वेळी उपनगरांत तारा रिलायन्सच्या होत्या. ऑगस्ट २०१८ मध्ये तो व्यवसाय अदानी समूहाकडे गेला, पण व्यवस्था तशीच राहिली. इतक्या खटल्यांतून आणि आदेशांतून आलेली ही सोय केवळ आकडेमोड जमत नाही म्हणून माणसे वापरत नसतील, तर दोष माणसांचा नाही.

आकडेमोड इतकी अवघड का होते, ते महावितरणच्या दरांवरून दाखवते. राज्यातल्या सर्वाधिक घरांना हेच दर लागतात आणि ते बहुतेकांच्या परिचयाचे आहेत. २०२४-२५ या वर्षात घरगुती ग्राहकाचा वीज आकार असा होता : पहिल्या १०० युनिटांना ४ रुपये ७१ पैसे, १०१ ते ३०० युनिटांना १० रुपये २९ पैसे, ३०१ ते ५०० ला १४ रुपये ५५ पैसे आणि त्यापुढे १६ रुपये ६४ पैसे. त्यावर प्रत्येक युनिटामागे १ रुपया १७ पैसे वहन आकार (तारांतून वीज आणण्याचा), महिन्याला १२८ रुपये स्थिर आकार (वापर कितीही असो) आणि या सगळ्यावर राज्य सरकारचे १६ टक्के वीज शुल्क. इंधनाच्या भावातल्या फरकापोटी लागणारा इंधन समायोजन आकार महिन्यागणिक बदलतो, तो तूर्त बाजूला ठेवू.

१०० युनिट वापरणारे घर घ्या. वीज आकार ४७१, वहन आकार ११७, स्थिर आकार १२८, मिळून ७१६ रुपये. शुल्क धरून सुमारे ८३१. म्हणजे युनिट पडले ८ रुपये ३१ पैशांना. दरपत्रकावर ठळक छापलेला आकडा मात्र ४ रुपये ७१ पैशांचा. दोन्ही आकडे खरेच आहेत, पण खिशातून जातो तो पहिला.

आता ५० युनिटांचे घर घ्या, एकट्या राहणाऱ्या आजींचे. त्यांचे बिल सुमारे ४९० रुपये. प्रत्येक युनिट ९ रुपये ७९ पैशांना. ज्यांनी अर्धीच वीज वापरली त्यांना युनिट महाग पडले, कारण १२८ रुपयांचा स्थिर आकार थोड्याच युनिटांवर वाटला गेला. काटकसर करणाऱ्या माणसाला ही गोष्ट कोणी सांगत नाही. स्थिर आकार वाढतो तेव्हा बातमी येत नाही, युनिटाचा दर वाढला तरच येते.

आणि ३०० युनिटांच्या घराचे बिल होते सुमारे ३,४८९ रुपये, म्हणजे सरासरी ११ रुपये ६३ पैसे. पण या घराने एक युनिट वाचवले तर किती वाचतील? ११ रुपये ६३ पैसे नव्हे. शेवटचे युनिट दुसऱ्या टप्प्यातले असते, त्यामुळे वहन आणि शुल्क धरून १३ रुपये २९ पैसे वाचतील. १०० युनिटांच्या घराने एक युनिट वाचवले तर जेमतेम ६ रुपये ८२ पैसे. शंभराव्या युनिटाहून एकशेएकावे जवळजवळ दुप्पट महाग आहे. पंखा बदलावा का, जुना फ्रिज काढावा का, छतावर सौर पॅनेल बसवावे का, या प्रत्येक निर्णयाला हा शेवटच्या युनिटाचा दर लागतो. बिलाच्या दर्शनी भागावर तो कुठेही सापडत नाही.

(अनेकांना अजून वाटते की १०१ युनिट झाले की सगळीच युनिटे दुसऱ्या दराने मोजली जातात. तसे नाही, वरच्या टप्प्याचा दर फक्त त्या टप्प्यातल्या युनिटांना लागतो. पण हा गैरसमज इतका खोल आहे की महिनाअखेरीस मीटर शंभरापाशी आले की घरातले दिवे धाकाने बंद होतात. बिलावर दोन ओळी नीट छापल्या तर ही भीती जाईल.)

हे झाले एका पुरवठादाराचे. उपनगरांत दोन आहेत, आणि दोघांची टप्प्यांची मांडणी एकसारखी नसते. समजा पहिल्या कंपनीचा पहिल्या १०० युनिटांचा दर दुसरीपेक्षा १ रुपयाने कमी आहे, पण पुढच्या टप्प्याचा दर ६० पैशांनी जास्त. (खऱ्या दरांऐवजी सोपे आकडे घेते, म्हणजे मांडणी दिसेल.) १५० युनिट वापरणाऱ्याला पहिली कंपनी ७० रुपयांनी स्वस्त. ३०० युनिट वापरणाऱ्याला तीच कंपनी २० रुपयांनी महाग. पारडे फिरते २६६ युनिटांच्या आसपास. आता एखादे घर आठ महिने १५० युनिट वापरते आणि उकाड्याचे चार महिने ३००. मे महिन्याचे बिल पाहून घाबरलेला माणूस दुसऱ्या कंपनीकडे जाईल, आणि वर्षाअखेर शुल्क न धरताही ४८० रुपयांचा फटका खाईल. त्याला बारा महिन्यांची बेरीज हवी होती, त्याच्या हातात एका महिन्याचा कागद होता.

याहून गुंतागुंतीचा भाग पुढे आहे. चेंजओव्हर घेतले की वीज नव्या कंपनीची, पण तारा जुन्याच कंपनीच्या, म्हणून वहन आकार त्या तारांचा. शिवाय क्रॉस सबसिडी अधिभार, म्हणजे खालच्या टप्प्याचे दर कमी ठेवण्यासाठी कंपनी बदलणाऱ्याकडून घेतली जाणारी रक्कम. म्हणजे नव्या कंपनीच्या जाहिरातीतला दर आणि चेंजओव्हर घेतलेल्या ग्राहकाला पडणारा दर यांत फरक असतो, आणि नवी कंपनी स्वतःची तार टाकून वीज देत असेल तर हिशेब पुन्हा निराळा. आमच्या संस्थेच्या सूचना फलकावर एकदा एका पुरवठादाराचे पत्रक लागले होते. त्यावर फक्त वीज आकारांची तुलना होती. वहन आकार, अधिभार, शुल्क, काहीच नव्हते. त्यात एकही आकडा खोटा नव्हता, आणि तरी ते वाचून निर्णय घेणारा फसला असता. रिक्षाच्या मीटरवर विश्वास नसेल तर परिवहन खात्याने मान्य केलेले टॅरिफ कार्ड मागता येते. विजेच्या बाबतीत असे कार्ड आम्ही कोणाकडे मागायचे?

बेट शहरात, म्हणजे कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंत, चित्र आणखी वेगळे आहे. तिथे बेस्ट आहे आणि टाटांचाही परवाना आहे. पण बेस्ट महापालिकेचा उपक्रम आहे आणि वीज कायद्याच्या कलम ४२ मध्ये स्थानिक प्राधिकरणाला सूट आहे, त्यामुळे बेस्टच्या तारांवरून टाटांची वीज घेता येत नाही. टाटांनी स्वतःची तार तुमच्या इमारतीपर्यंत आणली असेल तरच निवड शक्य. गिरगावातल्या जुन्या चाळीत राहणाऱ्याला कायद्याने दोन पुरवठादार असतात, प्रत्यक्षात एकच. मुलुंड-भांडुपला महावितरण. लोकलच्या एका प्रवासात ग्राहकाचे हक्क इतके बदलतात, आणि आपल्या पत्त्यावर नेमके काय लागू आहे हे सांगणारा साधा तक्तासुद्धा नाही.

महोदय, निवडीला दुसरी बाजू आहे याची मला जाणीव आहे. २००९ नंतर काय झाले ते आयोगाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. जास्त वीज वापरणारे ग्राहक भराभर टाटांकडे गेले, कारण वरच्या टप्प्यांत तिथे वीज स्वस्त होती. पण वरच्या टप्प्यातल्या ग्राहकांच्या पैशावरच खालच्या टप्प्याचा दर कमी ठेवता येतो. ते गेले की उरलेल्यांवर बोजा. म्हणून २०११ मध्ये क्रॉस सबसिडी अधिभार आला आणि ऑगस्ट २०१२ च्या आदेशात काही काळ ३०० युनिटांपर्यंतच्या घरगुती ग्राहकांनाच चेंजओव्हर द्यावे असे बंधन घातले गेले. त्या निर्णयांमागची चिंता मला पटते. धारावीतल्या किंवा मालवणीतल्या खोलीत एक पंखा आणि दोन दिवे चालवणाऱ्या घराला वीज परवडली पाहिजे, आणि त्यासाठी माझ्यासारखीने दोन पैसे जास्त द्यावे लागले तर माझी तक्रार नाही. पण मी किती देते आणि ते कशासाठी जातात, हे मला बिलावर दिसले पाहिजे. आज क्रॉस सबसिडी हा शब्द आदेशाच्या शेकडो पानांत आहे, ज्यांना ती मिळते आणि जे ती देतात त्या दोघांच्याही बिलावर मात्र सोप्या भाषेत कुठे नाही.

हा प्रश्न आता मुंबईपुरता राहणार नाही. अदानी समूहाने नवी मुंबई, ठाणे, पनवेल या भागासाठी समांतर परवाना मागितल्यावर महावितरणच्या कर्मचाऱ्यांनी ४ जानेवारी २०२३ रोजी संप पुकारला आणि सरकारशी चर्चेनंतर त्याच दिवशी मागे घेतला. ऑगस्ट २०२२ मध्ये लोकसभेत मांडलेल्या वीज दुरुस्ती विधेयकातही एकाच भागात अनेक पुरवठादारांची कल्पना होती. समांतर परवाने द्यावेत की नाही यावर कर्मचारी संघटनांचे म्हणणे गंभीर आहे आणि ते ऐकले पाहिजे. पण परवाने देण्याचा निर्णय कधी झालाच, तर त्याच्या आधी तुलनेचे साधन तयार असले पाहिजे. मुंबईत आधी निवड आली आणि साधन आजवर आलेले नाही. तोच क्रम ठाणे-पनवेलला पुन्हा नको.

असे साधन करता येते का? येते. आपल्याच देशात दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१८ मध्ये मोबाइल कंपन्यांचे दर एका जागी पाहता येतील असे संकेतस्थळ सुरू केले. लंडन, मेलबर्न किंवा ह्यूस्टनला राहणाऱ्या आपल्या मराठी मंडळींना विचारा. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याचे सरकार स्वतः वीजदरांच्या तुलनेचे संकेतस्थळ चालवते. शिवाय त्या राज्यात प्रत्येक पुरवठादाराला ठरावीक काळाने बिलावरच ग्राहकाला सांगावे लागते की आमच्याकडे तुमच्यासाठी याहून स्वस्त योजना आहे का. टेक्सासमध्ये राज्याचा लोकोपयोगी सेवा आयोगच तुलनेचे संकेतस्थळ चालवतो.

त्या देशांकडून सावधगिरीही शिकण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये जानेवारी २०१९ पासून नियामकाने घरगुती दरांवर कमाल मर्यादा घातली. २०२१ मध्ये गॅसचे घाऊक भाव भडकल्यावर अनेक लहान पुरवठादार एकापाठोपाठ बुडाले आणि लाखो ग्राहक दुसऱ्या कंपन्यांकडे वळते करावे लागले. टेक्सासमध्ये फेब्रुवारी २०२१ च्या थंडीच्या लाटेत घाऊक बाजाराच्या भावाशी जोडलेली योजना घेतलेल्या घरांना हजारो डॉलरची बिले आली. स्वस्त दिसणारा दर कशाशी जोडलेला आहे, हे ग्राहकाला आधी कळले पाहिजे. म्हणून हे काम खासगी संकेतस्थळांवर सोडू नये, असे माझे मत आहे. कमिशन घेणारा मध्यस्थ तुलना करू लागला की तुलना राहत नाही.

जून २०२० आठवा. टाळेबंदीत मीटर रिडिंग बंद होते, सरासरीवर बिले गेली, आणि जूनमध्ये प्रत्यक्ष रिडिंग झाल्यावर आलेली बिले पाहून राज्यभर संताप उसळला. तेव्हा महावितरणने आपल्या संकेतस्थळावर ग्राहकाला बिल पडताळून पाहता येईल अशी सोय करून दिली. टप्प्यांचा लाभ महिन्यांनुसार कसा विभागला आहे, हे लोकांना पहिल्यांदाच दिसले. संकट आले की असे साधन थोड्या दिवसांत तयार होते, तर नेहमीसाठी का होऊ नये?

आता जिथे पुरवठादार एकच आहे तिथल्या ग्राहकाबद्दल. माझे माहेर सांगली जिल्ह्यातले. तिथे महावितरणशिवाय दुसरा पुरवठादार नाही. भिवंडीत २००७ पासून टोरेंट पॉवर आहे, पण ती फ्रँचायझी. वीज महावितरणची आणि दर आयोगाने महावितरणसाठी ठरवलेलेच, त्यामुळे तिथेही घरगुती ग्राहकाला निवड नाही. पण तुलना करायचे प्रसंग त्यांच्यावरही येऊ लागले आहेत. छतावरच्या सौर पॅनेलसाठीच्या पीएम सूर्यघर योजनेत २ किलोवॉटपर्यंत किलोवॉटला ३० हजार रुपये आणि ३ किलोवॉट किंवा जास्त असेल तर एकूण ७८ हजार रुपये अनुदान मिळते. १ किलोवॉटचे पॅनेल महिन्याला साधारण १२० युनिट देते. ३०० युनिटांच्या घरात ही सगळी युनिटे दुसऱ्या टप्प्यातून कमी होतात, म्हणजे २०२४-२५ च्या दराने महिन्याला सुमारे १,५९५ रुपये वाचतात. १०० युनिटांच्या घरात तेच पॅनेल फार तर ६८२ रुपये वाचवते, स्थिर आकार आहे तसाच राहतो. विक्रेता दोघांनाही एकच आकडा सांगतो. कर्ज काढून पॅनेल बसवणाऱ्या शिक्षकाला किंवा दुकानदाराला कोणता आकडा आपला, हे कोण सांगणार?

वेळेनुसार दराचेही तसेच. नव्या स्मार्ट मीटरवर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराला सवलत देण्याचे २०२५ मध्ये महावितरणच्या घरगुती ग्राहकांसाठी ठरले. सौर वीज भरपूर असते तेव्हा वापर वाढावा, हा हेतू उत्तम आहे. पण नवराबायको दोघेही नोकरीला जाणाऱ्या घरात त्या वेळात फ्रिजखेरीज फारसे काही चालत नाही, आणि घरून काम करणाऱ्याला किंवा दुपारी पंप चालवणाऱ्या संस्थेला खरा फायदा होतो. मीटर तासागणिक नोंद ठेवतो. त्या नोंदीवरून "गेल्या तीन महिन्यांत तुम्हाला इतके रुपये सुटले" असे एक वाक्य बिलावर छापले, तर लोकांचा त्या मीटरवरचा रागही कमी होईल. आज मीटर बदलायला माणूस आला की घरात पहिली भीती असते ती बिल वाढण्याची, आणि ती दूर करणारा एकही आकडा त्या माणसाच्या हातात नसतो.

दर ठरतानाची प्रक्रियाही सामान्य माणसाला दूर ठेवते. कलम ६४ प्रमाणे कंपनीने दरवाढीचा प्रस्ताव संक्षिप्त रूपात प्रसिद्ध करायचा, लोकांनी सूचना-हरकती द्यायच्या, आयोगाने जनसुनावणी घ्यायची. मुंबई ग्राहक पंचायत आणि पुण्याची प्रयास यांसारख्या संस्था वर्षानुवर्षे ग्राहकांच्या वतीने तिथे उभ्या राहतात, याबद्दल त्यांचे ऋण मानावे तेवढे थोडे. पण प्रस्ताव असतो जाडजूड, बहुतांश इंग्रजीत. जाहिरातीतल्या तक्त्यावरून माझे बिल किती वाढेल ते कळत नाही. २०२५ मध्ये तर महावितरणच्या दरांवर २८ मार्चचा आदेश, काही दिवसांत त्याला स्थगिती, मग २५ जूनचा पुनर्विलोकन आदेश, १ जुलैपासून अंमल, आणि पुढे न्यायालयीन वाद, अशी मालिका झाली. त्या काळात "दर कमी झाले" आणि "दर वाढले" अशा दोन्ही बातम्या एकाच आठवड्यात वाचायला मिळत होत्या. वीज आकार, वहन आकार आणि इंधन समायोजन यांपैकी कोण काय धरतो यावर उत्तर बदलत होते. सामान्य माणसाने सरासरी टक्केवारी ऐकून आपल्या घरचे अंदाजपत्रक कसे मांडायचे?

माझ्या मागण्या अशा आहेत.

आयोगाने आपल्या संकेतस्थळावर मराठीत, मोबाइलवर चालेल असा बिल गणक ठेवावा. ग्राहकाने पिनकोड आणि मागच्या बारा महिन्यांची युनिटे भरावीत. त्याच्या पत्त्यावर कोणकोण पुरवठादार आहेत आणि प्रत्येकाकडे वर्षाची एकूण रक्कम किती झाली असती, हे त्याला दिसावे. वहन आकार, अधिभार, इंधन समायोजन, स्थिर आकार, वीज शुल्क, सगळे धरून. चेंजओव्हर आणि स्वतंत्र तार, दोन्ही पर्याय वेगळे दाखवावेत. बारा महिन्यांची युनिटे कंपन्यांकडे असतातच, ग्राहक क्रमांक टाकल्यावर ग्राहकाच्या संमतीने ती आपोआप यावीत, म्हणजे आजोबांना जुनी बिले शोधत बसावे लागणार नाही. ज्यांच्याकडे मोबाइल नाही त्यांच्यासाठी प्रत्येक ग्राहक सेवा केंद्रात हीच तुलना छापून मिळावी, आणि त्या कागदावर आयोगाचे नाव असावे.

प्रत्येक बिलाच्या दर्शनी भागावर दोन आकडे मोठ्या अक्षरांत हवेत : या महिन्यात एक युनिट सर्व धरून कितीला पडले, आणि शेवटचे युनिट कितीला पडले. बाकीचा तपशील मागच्या बाजूला गेला तरी चालेल. महावितरण, बेस्ट, टाटा आणि अदानी या चारही पुरवठादारांच्या बिलाचा नमुना एकच असावा, शब्दही तेच. आज एकाच गोष्टीला वेगवेगळ्या बिलांवर वेगवेगळी नावे असतात आणि दोन बिले शेजारी ठेवली तर ओळी जुळत नाहीत.

कोणत्याही पुरवठादाराला जाहिरातीत किंवा पत्रकात नुसता वीज आकार दाखवून दुसऱ्याशी तुलना करायला मनाई असावी. तुलना करायची तर १००, २००, ३०० आणि ५०० युनिटांचे पूर्ण बिल दाखवावे.

दराच्या प्रत्येक प्रस्तावाबरोबर आणि प्रत्येक आदेशाबरोबर एक पानी मराठी तक्ता द्यावा. ५० युनिटांपासून ५०० युनिटांपर्यंतच्या घराचे आजचे बिल आणि नवे बिल, रुपयांत. जनसुनावणीला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात तो कागद असला तर सुनावणीत लोक काय बोलतील ते आपल्याला दिसेलच.

यासाठी कायदा बदलावा लागत नाही. पुरवठा संहिता, म्हणजे वीजपुरवठ्याचे आणि बिलांचे नियम, ठरवण्याचा अधिकार कलम ५० ने आयोगालाच दिला आहे आणि २०२१ च्या विनियमांत बिलाविषयीचे नियम आधीच आहेत, त्यांत दोन कलमे वाढवायची आहेत. दर, वहन आकार आणि अधिभार आपल्याच आदेशांतून निघतात. गणकाला लागणारी माहिती बाहेरून आणावी लागणार नाही. खर्चाचा प्रश्न आला, तर तो चार कंपन्यांत वाटून द्यावा, आणि तो दरात येणार असेल तर येऊ द्या. एका घरावर पडेल तो भार पैशांत मोजण्याइतकाही नसेल.

पुढच्या मुंबईतल्या जनसुनावणीत मी आमच्या संस्थेतल्या काही ग्राहकांची बिले, त्यांची संमती घेऊन आणि नावे झाकून, या मागण्यांसोबत सादर करणार आहे. ती बिले दोन्ही कंपन्यांच्या दराने मी हाताने मोजलेली आहेत. आपल्या अधिकाऱ्यांनी ती तपासावीत, आणि गणक कधीपर्यंत सुरू करता येईल याची तारीख त्याच सुनावणीत सांगावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
बोरिवलीतील एक घरगुती वीजग्राहक